विसरण्याची तक्रार आणि रात्रीचे रील : एक प्रकरण अभ्यास

या नोंदीतील व्यक्ती ही कोणी एकच व्यक्ती नव्हे. लघु-व्हिडिओंच्या अतिवापराच्या बाबतीत वारंवार आढळणाऱ्या गोष्टी एकत्र आणून हे प्रकरण उभे केले आहे. संशोधनाचे जे दाखले दिले आहेत ते मात्र प्रसिद्ध झालेले आहेत. अभ्यासासाठी शाळकरी मूल न निवडता मध्यम वयाची, कामात चोख समजली जाणारी स्त्री मुद्दाम निवडली आहे. मुलांच्या बाबतीत ‘शिस्तच नाही’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो आणि कारणांचा शोध तिथेच थांबतो. या प्रकरणात ती पळवाट नाही, कारण शिस्तीची कमतरता या बाईंच्या आयुष्यात कुठेच दिसत नाही.

तक्रार

वय ४१ वर्षे, नोकरी लेखा विभागात, घरी स्मृतिभ्रंश झालेले वडील आणि त्यांची रात्रीची जबाबदारी पूर्णपणे यांच्याकडे. धाकटा भाऊ त्याच घरात राहतो, परंतु त्याची नोकरी पहाटेची असल्यामुळे ‘रात्री ताई, दिवसा मी’ अशी वाटणी कधीतरी ठरली आणि ती तशीच चालू राहिली. त्या आल्या त्या फोनची तक्रार घेऊन नव्हे, तर विसरण्याची. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेल्यावर आपण कशासाठी आलो हे आठवत नाही, कार्यालयात एकच देयक दोनदा खतावले गेले आणि वरिष्ठांच्या ते लक्षात आले, एका संध्याकाळी वडिलांची गोळी द्यायची राहून गेली. या शेवटच्या प्रसंगाने त्या हादरल्या होत्या. वडिलांच्या आजाराची सुरुवातही अशीच झाली होती, त्यामुळे तोच आजार आपल्यालाही जडतो आहे, अशी त्यांची जवळजवळ खात्री झाली होती.

अशा वेळी आधी शारीरिक कारणे तपासणे आवश्यक असते आणि ती तपासली गेली. मज्जाविकारतज्ज्ञांची तपासणी झाली. थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी ठीक होती. स्मृती व विचारक्षमता तपासणाऱ्या ‘मोका’ या चाळणी चाचणीत ३० पैकी २८ गुण मिळाले, आणि तिथे २६ व त्यावरील गुण सर्वसाधारण मानले जातात. म्हणजे स्मृतीचा साठा शाबूत होता. जुन्या गोष्टी त्यांना तारखांसकट आठवत होत्या. विसरल्या जात होत्या त्या पुढच्या गोष्टी : थोड्या वेळाने करायचे म्हणून मनात ठेवलेली कामे. मानसशास्त्रात या क्षमतेला भविष्यलक्षी स्मृती म्हणतात आणि ती साठ्यापेक्षा लक्षावर अधिक अवलंबून असते. ही बाब पुढच्या सगळ्या तपासाला दिशा देणारी ठरली.

फोनचा विषय निघाला तो भावामुळे. ‘ताई रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते,’ असे तो सहज बोलून गेला. त्यावर त्यांचे उत्तर होते, ‘बाबा उठतात ना मध्येच. जागं राहायला काहीतरी हवंच.’ हे उत्तर खोटे नव्हते, फक्त अपुरे होते.

नोंदवहीत काय दिसले

फोनमधील स्क्रीन टाइमची नोंद त्यांनी स्वतःच उघडून दाखवली. रोजची सरासरी चार तासांच्या आसपास होती आणि त्यातला मोठा भाग रात्री अकरानंतरचा होता. आकडा पाहून त्यांना स्वतःलाच धक्का बसला. त्यांच्या अंदाजाने तो ‘फार तर तास-सव्वा तास’ होता. असा फरक बहुतेकांच्या बाबतीत पडतो, कारण एकामागून एक येणाऱ्या व्हिडिओंमध्ये वेळ मोजायला काही खूणच नसते. तरीही माझ्या मते या आकड्याला आपण गरजेपेक्षा जास्त महत्त्व देतो. चार तास म्हणजे व्यसन आणि दोन तास म्हणजे नव्हे, अशी सीमारेषा कुठल्याही शास्त्राने आखलेली नाही. म्हणून तासांऐवजी दुसरी नोंद ठेवायची असे ठरले : फोन हातात घेतला त्याच्या मिनिटभर आधी काय चालले होते, एवढेच एका ओळीत लिहायचे.

या वहीतून जे समोर आले ते तासांच्या आकड्यातून कधीच कळले नसते. रात्रीच्या नोंदी जवळजवळ सगळ्या एकाच प्रकारच्या होत्या. वडील उठतात, कुठे आहोत असे विचारतात, त्यांना पुन्हा झोपवले जाते. ते पुन्हा कधी उठतील याचा नेम नसतो, त्यामुळे झोपता येत नाही, दिवा लावून काही करता येत नाही, आणि मनात दिवसभराचे सगळे फिरू लागते. हात फोनकडे जातो तो या टप्प्यावर. कार्यालयातल्या नोंदी वेगळ्या होत्या. तिथे फोन कंटाळ्याच्या कामात निघत नसे. जुळत नसलेली रक्कम कुठे चुकली हे ठरवायची वेळ आली की निघे. तिसरा प्रकार सर्वांत बोलका होता. बँकेच्या संकेतस्थळावर लॉगिन करताना आलेला ओटीपी पाहण्यासाठी त्या फोन उचलत, वरच्या पट्टीत एखादे नोटिफिकेशन दिसे, अंगठा तिकडे जाई, आणि पुन्हा संगणकाकडे वळेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असे. वहीत एका दिवशी हे दोनदा लिहिलेले होते. दुसऱ्या नोंदीपुढे त्यांनी फक्त ‘परत’ असे लिहून ते अधोरेखित केले होते.

कारणे

अशा प्रकरणात सगळे खापर मेंदूतल्या डोपामाइन या रसायनावर फोडण्याची हल्ली पद्धत पडली आहे. तिच्यात तथ्य आहे, पण थोडे सावधपणे मांडायला हवे असे. मेंदूवैज्ञानिक वोल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडले ते असे की, डोपामाइन पेशी केवळ सुख मिळाले म्हणून पेटून उठत नाहीत. अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले तर त्या प्रतिसाद देतात आणि अपेक्षेप्रमाणेच मिळाले तर शांत राहतात. त्याच्याही खूप आधी, १९५७ मध्ये, फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवरील प्रयोगांतून दाखवले होते की, बक्षीस किती प्रयत्नांनंतर मिळेल हे अनिश्चित ठेवले तर प्राणी सर्वांत जोमाने प्रयत्न करत राहतो आणि बक्षीस बंद झाल्यावरही लवकर थांबत नाही. लघु-व्हिडिओंच्या फीडची रचना या दोन्ही निष्कर्षांत चपखल बसते. दहा व्हिडिओ सुमार असतात, अकरावा हसवतो, आणि कितवा हसवेल हे ठाऊक नसते म्हणूनच अंगठा थांबत नाही. सुमार व्हिडिओ ही या व्यवस्थेतली उणीव नाही. त्यांच्यावाचून ती चाललीच नसती.

त्याला न संपणाऱ्या पानाची जोड मिळाली. पान तळाशी संपतच नाही अशी रचना एझा रॅस्किन यांनी २००६ मध्ये तयार केली आणि पुढे तिच्याबद्दल जाहीरपणे खंतही व्यक्त केली. लघु-व्हिडिओंच्या ॲपमध्ये तर पान ही कल्पनाच उरली नाही. एका वेळी संपूर्ण पडद्यावर एकच व्हिडिओ, तो आपोआप सुरू होणारा, आणि पुढचा कोणता हे न दाखवणारा. निवड करण्याचा क्षण गेला की ‘पुरे आता’ म्हणण्याचा क्षणही जातो. शिवाय अल्गोरिदमला आवड सांगावी लागत नाही. आपण कुठे थांबलो, काय पुन्हा पाहिले, काय भर्रकन पुढे सारले, यावरून तो ती ओळखतो.

मात्र हे सगळे प्रत्येकाच्या फोनमध्ये असते. याच बाईंच्या बाबतीत ते इतके का रुजले, याचे उत्तर फोनबाहेर आहे. त्यांच्या आयुष्यात सलग वेळ उरलाच नव्हता. पुस्तक वाचायचे तर पाऊण तास हवा, मैत्रिणीला फोन करायचा तर रात्रीचे बारा वाजलेले, चित्रपट लावला तर वडील मध्येच उठणार. तुकड्यातुकड्यांच्या वेळेत बसेल असे एकच साधन हाताशी होते, आणि ते होते अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. तो मध्येच सोडला तरी काही बिघडत नाही. व्हिडिओच्या लांबीवर ‘लक्ष विचलित करणारी’ अशी टीका होते, पण ज्या व्यक्तीचे लक्ष परिस्थितीनेच तुकडे तुकडे करून ठेवले आहे तिच्यासाठी तीच लांबी सोयीची ठरते, हे सहसा लिहिले जात नाही. पुढे सवय उलटी फिरते. ज्या थोड्या वेळा सलग मिळू शकतात त्यांचेही ती तुकडे करते.

दुसरे कारण झोपेशी जोडलेले होते. कोणी अडवत नसताना आणि दुसऱ्या दिवशी त्रास होणार हे माहीत असताना झोपेला उशीर करत राहण्याच्या प्रवृत्तीचा फ्लोर क्रूसे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये स्वतंत्रपणे अभ्यास केला. या प्रकरणात ती स्पष्ट दिसत होती. वडील एक वाजता गाढ झोपल्यावरही त्या दोनपर्यंत जाग्या राहत. विचारल्यावर म्हणाल्या, ‘दिवसातला तेवढाच वेळ माझा असतो. तो झोपेत घालवायचा म्हणजे जिवावर येतं.’ या वाक्याला उपदेशाने उत्तर देता येत नाही.

तिसरे कारण सर्वांत उशिरा कळले. त्यांच्या फीडमध्ये काय येते हे त्यांच्यासोबत बसून पाहिले, तेव्हा विनोद आणि घरसजावट यांच्या मधून मधून स्मृतिभ्रंशाचेच व्हिडिओ येत होते : ‘ही पाच लक्षणे दुर्लक्षू नका’, ‘चाळिशीतच सुरुवात होते’, अशा मथळ्यांचे. वडिलांच्या काळजीपोटी त्यांनी पूर्वी असे काही व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले असणार. नंतर अल्गोरिदमने तो धागा सोडला नाही. आता चक्र पूर्ण झाले होते. रात्रीच्या जागरणाने आणि सततच्या व्हिडिओबदलाने विसरणे वाढत होते, विसरल्यामुळे भीती वाटत होती, भीतीवर उतारा म्हणून फोन उघडला जात होता, आणि फोन त्याच भीतीचे व्हिडिओ दाखवत होता. भीतीने पाहिले की आवडीने, हा फरक यंत्राला कळत नाही. त्याला फक्त थांबलेला अंगठा दिसतो.

परिणाम

भविष्यलक्षी स्मृतीवरील परिणामाला संशोधनाचा आधार आहे. माणूस आणि संगणक यांच्यातील व्यवहारावरच्या ‘सीएचआय’ या परिषदेत २०२३ मध्ये किओसी आणि सहकाऱ्यांनी ६० जणांवरील प्रयोग मांडला. सहभागींना एक काम देऊन, ठरावीक खूण दिसताच काय करायचे हे लक्षात ठेवायला सांगितले आणि मध्ये एक विराम दिला. विरामात काहींनी विश्रांती घेतली, काहींनी ट्विटर, काहींनी यूट्यूब आणि काहींनी टिकटॉक पाहिले. विरामानंतर लक्षात ठेवलेली कृती पार पाडण्यात लक्षणीय घसरण झाली ती फक्त टिकटॉकच्या गटात. प्रयोग लहान आहे आणि त्यावरून कायमच्या हानीबद्दल काहीच म्हणता येत नाही. परंतु गोळी द्यायची आहे हे मनात धरून ‘दोन मिनिटे’ फोन पाहणाऱ्या व्यक्तीचे काय होते, ते तो नेमके सांगतो.

कंटाळ्याच्या बाबतीत मिळालेला निष्कर्ष अनेकांना उलटा वाटेल. केटी टॅम आणि मायकेल इन्झलिख्ट यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालिकेत, एका व्हिडिओवरून दुसऱ्यावर उड्या मारल्या तर कंटाळा कमी होईल असा सहभागींचा अंदाज होता. प्रत्यक्षात उड्या मारणाऱ्यांचा कंटाळा वाढला. या बाईंनाही ते पटले. शेवटच्या तासात आपण काय पाहिले यातले सकाळी काहीच आठवत नाही आणि पाहताना मजाही येत नसते, असे त्यांनी स्वतःच सांगितले होते.

झोपेचे नुकसान उघड होते. प्रौढांना किमान सात तास झोप लागते, असे निद्रावैद्यकातील तज्ज्ञसंस्थांचे मत आहे. यांना जेमतेम पाच मिळत होते, तेही तुटक. कामातील चुकांचा काही भाग निव्वळ अपुऱ्या झोपेचा असणार, हे मान्यच करायला हवे.

जो परिणाम मोजता येत नाही तो वडिलांच्या संदर्भातला होता. रात्री उठल्यावर वडील कधी कधी जुने काही बोलू लागत, तुटक पण स्पष्ट. पूर्वी त्या ते ऐकत बसत. अलीकडे एक कान तिकडे ठेवून डोळे पडद्यावर असत आणि तोंडातून ‘हो बाबा’ निघत असे. हे त्यांनी तिसऱ्या भेटीत सांगितले, आणि विसरण्याच्या तक्रारीपेक्षा हेच त्यांना जास्त लागले होते.

याला व्यसन म्हणावे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ या आजारांच्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झाले, गेमिंगचा विकार आहे, लघु-व्हिडिओंचा नाही. मानसशास्त्रज्ञ मार्क ग्रिफिथ्स यांनी २००५ मध्ये वर्तनव्यसनाचे सहा घटक मांडले : मनावर ताबा, मनःस्थिती बदलण्यासाठी वापर, मात्रा वाढत जाणे, बंद केल्यावर अस्वस्थता, संघर्ष आणि पुन्हा घसरण. यांच्यात मात्रा वाढत गेल्याचा पुरावा कच्चा होता, उरलेले बहुतेक घटक कमी-अधिक प्रमाणात होते. निदानाचे शिक्के मारण्यात फारसा अर्थ नव्हता, कारण उपाय त्यावर ठरणार नव्हता.

उपाय : काय फसले, काय चालले

पहिला उपाय त्यांनीच करून पाहिला होता, तो म्हणजे ॲपमधील वेळमर्यादा. ती भरली की सूचना येई आणि सूचना बंद करायला एक स्पर्श पुरे होई. असल्या साधनांची खुद्द कंपन्यांना किती खात्री असते, याचा अंदाज ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतील खटल्यांच्या निमित्ताने उघड झालेल्या टिकटॉकच्या अंतर्गत कागदपत्रांवरून येतो. किशोरवयीनांसाठीच्या वेळमर्यादेच्या चाचणीत रोजचा सरासरी वापर १०८.५ मिनिटांवरून १०७ मिनिटांवर आला होता. दीड मिनिट.

दुसरा उपाय ॲप काढून टाकण्याचा. तो आठवडाभर टिकला. मग त्या तेच व्हिडिओ ब्राउझरमधून आणि दुसऱ्या ॲपच्या लघु-व्हिडिओ विभागात पाहू लागल्या. हेच मोठ्या प्रमाणावर भारतात घडले आहे. २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने तिथे रील्स सुरू केले. रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही. म्हणून ती जागा कशी तयार झाली याकडे वळावे लागले.

त्यासाठी भावाला बोलावून घेतले. वाटणी कोणी अन्यायाने केलेली नव्हती, ती फक्त पुन्हा कधी तपासलेली नव्हती. सुट्टीच्या आदल्या दोन रात्री भावाने वडिलांजवळ झोपायचे ठरले. या एका बदलाने जेवढे साधले तेवढे पुढच्या सगळ्या युक्त्यांनी मिळूनही साधले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘माझा वेळ’ रात्री दोन वाजता चोरावा लागत होता, तो आठवड्यातून दोन संध्याकाळी उजळ माथ्याने मिळू लागला.

उरलेल्या रात्रींसाठी फोन खोलीबाहेर, घंटी मोठी करून ठेवायचा आणि जागे राहण्यासाठी साध्या रेडिओवर हळू आवाजात काहीतरी ऐकायचे, असे ठरले. रेडिओ डोळ्यांना बांधून ठेवत नाही आणि वडीलही कधी कधी तो ऐकतात. फीडमधील शिफारशी पुसून नव्याने सुरू करण्याची सोय वापरली आणि आजाराचे व्हिडिओ दिसताच ‘यात रस नाही’ असे नोंदवायला सांगितले. कार्यालयासाठी मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांच्या १९९९ मधील मांडणीचा उपयोग झाला : ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ अशा नेमक्या वाक्यात ठरवलेली गोष्ट नुसत्या निश्चयापेक्षा जास्त पाळली जाते. त्यांचे वाक्य होते, ‘रक्कम जुळली नाही की मी आधी कागदावर फरक लिहीन.’ ओटीपीसाठी फोन उचलताना तो आकडा मोठ्याने म्हणायचा असेही ठरले. शेजारच्या सहकाऱ्यांना ते चमत्कारिक वाटले आणि आकडा त्यांच्या कानी पडू नये म्हणून ते पुढे पुटपुटण्यावर आले, तरी काम भागले.

पहिले काही दिवस चिडचिड वाढली, रात्री हात उशीजवळ फोन चाचपत राहिला. नंतर हे ओसरले. मध्येच वडिलांना रुग्णालयात ठेवावे लागले, तेव्हा सगळी घडी विस्कटली आणि वापर पूर्वीच्या पातळीवर गेला. तिथल्या खुर्चीत रात्रभर बसलेल्या माणसाकडून दुसरे काही अपेक्षित करणे कठोरपणाचे झाले असते, म्हणून त्या काळाची नोंदवहीसुद्धा मागितली नाही. घरी परतल्यावर वाटणी पुन्हा लागू झाली आणि घसरण आपोआप थांबली.

सद्यःस्थिती

वापर निम्म्याहून थोडा खाली आला आहे, शून्यावर आलेला नाही, आणि तसे ध्येयही नव्हते. झोप सहा तासांच्या पुढे गेली आहे. देयके दोनदा खतावली गेल्याचे पुन्हा आढळलेले नाही. विसरणे कमी झाले ते व्हिडिओ कमी झाल्यामुळे की झोप वाढल्यामुळे, हे या प्रकरणातून वेगळे काढता येत नाही, कारण दोन्ही एकाच वेळी बदलले. आजाराची भीती पूर्ण गेलेली नाही. वडिलांचा आजार समोर असताना ती जाईल असेही नाही. मात्र आता ती बोलून दाखवली जाते.

गेल्या भेटीला भाऊही आला होता. त्याच्या वाट्याच्या दोन रात्रींमध्ये त्याचाही फोनवरचा वेळ वाढला असल्याचे त्याने स्वतःहून सांगितले. आता रेडिओ त्याच्याही खोलीत ठेवला आहे, आणि आठवड्यातून एक रात्र पगारी मदतनीस ठेवता येईल का, याचा हिशेब दोघे मिळून करत आहेत.